किट कारचे आतले पत्रे: आधी पुठ्ठा, मग ॲल्युमिनियम, रिव्हेट सगळ्यात शेवटी

घरी किट कार (सुट्या भागांचा संच आणून आपणच जोडायची गाडी) बांधताना आतले पत्रे लावायची वेळ आली की हात शिवशिवतात, कारण एवढे दिवस नुसता पाइपांचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, बघितलेला असतो आणि दोन पत्रे लागले की लगेच गाडी दिसायला लागते. पण ब्रेक पाइप, फ्युएल लाइन, वायरिंग, हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) जागेवर बसवून बघितल्याशिवाय एकही पत्रा कायमचा ठोकू नका. मी टनेलची, म्हणजे शाफ्ट ज्यातून जातो त्या मधल्या बोगद्याची, बाजू आधी लावून मोकळा झालो, नंतर बघतो तर केबल पत्र्याला घासतेय, सगळे रिव्हेट ड्रिलने काढावे लागले.

सुरुवात पुठ्ठ्यापासून करा. पुठ्ठा चॅसिसच्या पाइपांवर धरून कापायचा, चिकटपट्टीने जोडायचा, परत कापायचा, अगदी नीट बसेपर्यंत. डावी बाजू उलटी करून उजवीला वापरायचा मोह होतो, पण वेल्डिंगमध्ये चॅसिस थोडी इकडे-तिकडे होतेच, म्हणून दोन्ही बाजूंचे वेगळे पुठ्ठे करा.

पत्रा १.२ ते १.५ मिमीचा पुरतो. वाकवायचा असेल तर ॲल्युमिनियमचा ५०५२ सारखा ग्रेड घ्या, ६०६१ टी६ कडक असतो, बारीक त्रिज्येत वाकवला की तडकतो. खुणा मार्करने करा, सुईने ओरखडा काढला की नेमकी तिथेच चीर पडते. बेंडिंग मशीन नसेल तर दोन जाड लोखंडी अँगलमध्ये पत्रा क्लॅम्प करा, हातोड्याच्या खाली लाकडी ठोकळा धरून हळूहळू, पूर्ण लांबीवर थोडं थोडं वाकवत जा, एकाच जागी ठोकत बसलात तर कड लाटेसारखी होते. रिव्हेटसाठी कडेला १५-२० मिमीची पट्टी वाकवून ठेवा.

भोकं पाडताना पत्रा क्लॅम्पने पक्का धरा, मधलं भोक आधी, मग तिथून बाहेर बाहेर जा, म्हणजे पत्र्यात फुगा राहत नाही. ३.२ मिमीच्या पॉप रिव्हेटला (एकाच बाजूने गनने ओढून बसणारा रिव्हेट) ३.३ चं ड्रिल, अंतर ४०-५० मिमी, आणि प्रत्येक भोक पाडलं की त्यात क्लेको पिन (तात्पुरती धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन) घाला, पत्रा सरकत नाही. सगळी भोकं झाली की पत्रा परत काढायचा. कंटाळा येतो पण काढायचाच, कारण भोकांच्या दोन्ही बाजूंची धार घासायची असते आणि मधे अडकलेला लोखंडाचा चुरा साफ करायचा असतो.

आता गंजाचं बघा. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकून ओले झाले की ॲल्युमिनियम खाल्लं जायला लागतं, म्हणून पाइपातल्या भोकांच्या कडांना प्रायमर लावा आणि मधे पॉलीयुरेथेन सीलंटची सलग रेघ द्या. आंबट वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड धातूला लागतं. रिव्हेटची लांबी पत्रा अधिक पाइपच्या भिंतीची जाडी मोजून ठरवा आणि फ्लोअरला बंद टोकाचे रिव्हेट वापरा, पाणी आत येत नाही.

वायर किंवा पाइप जिथून पत्र्यातून जातो तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवंच, उघडी कड वायरचं इन्सुलेशन कापते आणि शॉर्ट होतो. एक्झॉस्टच्या बाजूच्या फूटवेलला (पाय ठेवायच्या जागेला) हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) लावा, तेही फूटवेलचा पत्रा आणि शील्डमध्ये थोडी हवा खेळेल असं अंतर ठेवून. टनेलचं वरचं झाकण मात्र रिव्हेट करू नका, पाइपात एम५ चे (५ मिमीच्या स्क्रूचे) रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखे बसणारे नट, टाकून स्क्रूने बसवा, शाफ्टच्या बोल्टपर्यंत हात तिथूनच पोचतो.