वाइनच्या प्रदेशात बिऱ्हाड थाटताना

वाइनच्या प्रदेशात कायमचे राहायला जाण्याचा निर्णय बहुतेक लोक चुकीच्या महिन्यात घेतात. उत्तर गोलार्धात सप्टेंबर लागलेला असतो, उतारांवरच्या वेली घडांनी लगडलेल्या असतात आणि गावातल्या प्रत्येक तळघराचे दार पाहुण्यांसाठी उघडे असते. हा देखावा खराच असतो, पण तो वर्षातून जेमतेम सहा आठवडे दिसतो. उरलेल्या काळात हा प्रदेश म्हणजे एका पिकावर तगून असलेला शेतीचा मुलूख असतो. तिथली झोप, रस्ते, पाणी, घरभाडे आणि शेजाऱ्यांचा स्वभावसुद्धा त्या पिकाच्या वेळापत्रकावर चालतो. हे वेळापत्रक ज्याने आधी समजून घेतले, त्याचा तिथे जम बसतो.

म्हणून घर ठरवण्यापूर्वी त्या भागात निदान तीनदा, वेगवेगळ्या ऋतूंत, चार-चार दिवस राहून यावे : एकदा ऐन हिवाळ्यात, जेव्हा बागा उघड्याबोडक्या असतात आणि निम्मी उपाहारगृहे बंद असतात, एकदा मे-जूनमध्ये, फवारणी जोरात असताना, आणि एकदा तोडणीच्या दिवसांत. अर्जेंटिनातला मेंडोझा, दक्षिण आफ्रिकेतले स्टेलनबॉश किंवा ऑस्ट्रेलियातले बरोसा खोरे यांसारख्या दक्षिण गोलार्धातल्या प्रदेशांत तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, त्यामुळे तिथे हे सगळे महिने सहा-सहांनी पुढे सरकवून मोजावेत.

घर निवडताना बागेचे दृश्य सर्वांनाच हवे असते. माझा सल्ला असा की दृश्य जरूर घ्यावे, पण थोड्या अंतरावरून. वेलींची शेवटची ओळ खिडकीपासून किती मीटरवर आहे, वारा बहुधा कुठून वाहतो आणि मधे झाडांचे कुंपण आहे की नाही, हे प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. फ्रान्समध्ये 2020 पासून रासायनिक फवारणी आणि वस्ती यांच्यात अंतर राखण्याचा नियम आहे आणि द्राक्षबागांसाठी ते साधारणपणे 10 मीटर धरले जाते. इतरत्र नियम वेगळे असतात, म्हणून ते स्थानिक नगरपालिकेत विचारून घ्यावेत. गाळप होणारी वायनरी अगदी शेजारी असेल, तर तोडणीच्या काळात रात्री उशिरापर्यंत पंप, ट्रक आणि थंड करणारी यंत्रे यांचा आवाज राहणार हे गृहीत धरावे.

घरे कमी आणि महाग का असतात, हेही समजून घेतलेले बरे. जिथे जमीन द्राक्षासाठी राखलेली असते, तिथे वस्ती सहजी वाढत नाही. कॅलिफोर्नियातल्या नापा परगण्याने 1968 मध्ये शेतीसाठी राखीव क्षेत्र जाहीर करून जमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर मर्यादा घातली, आणि म्हणूनच मोठ्या शहरांच्या इतक्या जवळ असूनही नापाची दरी आज वेलींनी भरलेली दिसते. मात्र त्याच कारणाने तिथे काम करणाऱ्या अनेकांना दूरच्या गावांतून रोज गाडी चालवत यावे लागते. भाड्याचे घर शोधणाऱ्याने मुख्य पर्यटन रस्त्यापासून थोडे आत, जिथे शिक्षक, मेकॅनिक आणि बागेतले मजूर राहतात अशा वस्तीत आधी पाहावे, कारण शाळा, दवाखाना आणि किराणा वर्षभर चालू असतात ते तिथेच.

घराला परसबाग असेल आणि ती जागा पूर्वी द्राक्षाखाली असेल, तर भाजीपाला लावण्याआधी माती तपासून घ्यावी. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बागांवर फवारले जात आहे, आणि त्यातले तांबे मातीत वर्षानुवर्षे साठून राहते. जुन्या बागांत पूर्वी आर्सेनिकयुक्त औषधेही वापरली जात. युरोपीय संघाने तांब्याच्या वापराला हेक्टरी सात वर्षांत 28 किलो अशी मर्यादा घातली आहे, पण आधी साचलेले तांबे काही त्यामुळे निघून जात नाही. पिण्याचे पाणी खासगी विहिरीचे असेल, तर नायट्रेट आणि तणनाशके यांची तपासणी मागावी, आणि गेल्या दुष्काळात विहिरीची पातळी किती खाली गेली होती हेही विचारावे.

आता वसंताकडे वळू. नवख्या माणसाची पहिली परीक्षा याच ऋतूत होते. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये वेलींचे डोळे फुटतात, आणि त्या कोवळ्या फुटव्यांना उणे दोन अंशांच्या आसपासची एक रात्रही पुरते. अशा रात्री तीनच्या सुमारास हेलिकॉप्टर छपरावर उतरत असल्यासारखा आवाज आला, तर घाबरू नये. बागेतल्या उंच खांबांवरचे मोठे पंखे सुरू झालेले असतात. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जमिनीलगत बसते आणि थोडी उबदार हवा वर राहते, ती हे पंखे खाली ढकलतात. काही ठिकाणी ओळींमधून पॅराफिनचे डबे पेटवतात, एका हेक्टरला तीनशे-चारशे. फ्रान्समधल्या शाब्लीसारख्या भागात वेलींवर मुद्दाम पाणी शिंपडतात, कारण पाणी गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या पारदर्शक कवचाखाली डोळा शून्य अंशाजवळ टिकून राहतो. सकाळी उन्हात प्रत्येक काडी काचेत घातल्यासारखी चमकत असते आणि तिच्याआत हिरवा ठिपका जिवंत असतो. मी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत याहून नाजूक काही नाही. त्या आठवड्यात आवाजाची तक्रार करू नये. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांत दहिवराने दोन-तीन रात्रींत अनेकांचे वर्षाचे उत्पन्न नेले. अशा सकाळी शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे, आणि नुकसान किती झाले हे त्याने स्वतःहून सांगितले तरच ऐकावे.

त्यानंतर फवारणी. भुरी आणि केवडा हे दोन बुरशीजन्य रोग द्राक्षाची पाठ सोडत नाहीत, त्यामुळे पावसाळी वर्षात एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या होऊ शकतात. सेंद्रिय बागेतही फवारणी होतेच, फक्त ती गंधक आणि तांब्याची असते. सेंद्रिय म्हणजे औषधमुक्त या समजुतीने घर घेणाऱ्यांची पुढे फार निराशा होते. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे शेजारच्या बागायतदाराची स्वतः जाऊन ओळख करून घेणे आणि फवारणीच्या आदल्या दिवशी एक निरोप पाठवण्याची विनंती करणे. बहुतेक जण आनंदाने कळवतात. निरोप आला की दोरीवरचे कपडे आत घ्यावेत, त्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात, मुलांची खेळणी आणि कुत्र्याचे पाण्याचे भांडे उचलावे. वारा जोराचा असताना फवारणी चालू दिसली, तर वेळ आणि दिवस लिहून ठेवावा आणि आधी त्याच्याशीच बोलावे.

बागेत विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नये, याचे कारण केवळ मालकी हक्काचे नाही. फिलॉक्सेरा नावाची मुळांवरची सूक्ष्म कीड 1860 च्या दशकात अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि तिने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. शेवटी अमेरिकन खुंटांवर युरोपीय वाणांचे कलम करूनच बागा पुन्हा उभ्या राहिल्या. दक्षिण ऑस्ट्रेलिया मात्र या किडीपासून आजवर मुक्त राहिला आहे, आणि म्हणूनच बरोसामध्ये एकोणिसाव्या शतकात लावलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली अजून फळ देतात. बुटाला चिकटलेल्या मातीतून ही कीड पसरू शकते, त्यामुळे तिथे बांधावर लावलेली प्रवेशबंदीची पाटी मनापासून पाळावी आणि घरी आलेल्या पाहुण्यांनाही ती पाळायला लावावी.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मण्यांत पाणी उतरू लागते, काळ्या जातींचे घड हिरव्याचे जांभळे होतात, आणि पाखरांना हुसकावणाऱ्या गॅसच्या तोफा पहाटेपासून ठरावीक अंतराने वाजू लागतात. त्यांची लवकरच सवय होते.

तोडणीत मात्र सगळाच दिनक्रम बदलतो. उष्ण प्रदेशांत द्राक्षे थंड असतानाच गोळा व्हावीत म्हणून रात्री तोडणी होते, आणि मध्यरात्री समोरच्या टेकडीवर कपाळावरच्या दिव्यांची रांग हलताना दिसते. रस्त्यावर ट्रॅक्टर सावकाश चालतात, वळणांवर सांडलेल्या रसामुळे डांबर निसरडे होते, गांधीलमाश्या आणि चिलटे वाढतात. कामावर जायला वीस मिनिटे आधी निघावे आणि ट्रॅक्टरच्या मागे हॉर्न वाजवू नये. तोडणीत हात लावायची इच्छा असेल, तर रीतसर कामावर नाव घालून जावे, कारण अनेक देशांत मजुरीशिवाय माणसे राबवणे मालकाला कायद्याने अडचणीचे ठरते. काम करताना घडाखाली धरलेला हात कात्रीपासून सांभाळावा. पहिल्या दिवशी बोटे कापून घेणारे बहुतेक जण दुसऱ्याच्या वेगाशी स्पर्धा करत असतात. टोपी, बंद बूट आणि भरपूर पाणी या गोष्टी बरोबर असल्याच पाहिजेत.

याच काळात एक धोका असा असतो की त्याविषयी प्रत्येक नव्या रहिवाशाला स्पष्ट सांगितले पाहिजे. रस आंबताना साखरेचे अल्कोहोल होते तसा कार्बन डायऑक्साइडही निघतो, आणि एका लिटर रसातून चाळीस लिटरहून अधिक वायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात आणि टाक्यांच्या तळाशी साचतो. त्यात पाऊल ठेवणारा माणूस काही श्वासांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. शेजाऱ्याच्या तळघराचे दार उघडे दिसले तरी हाक मारून बाहेरच थांबावे, मुलांना तिथे लपाछपी खेळू देऊ नये, आणि कोणी आत पडलेला दिसला तर स्वतः न उतरता आपत्कालीन सेवेला बोलावून वायुवीजन सुरू करायला सांगावे.

पिण्याबद्दलही आधीच ठरवून ठेवावे. इथे वाइन प्रत्येक बैठकीत समोर येते, आणि रोजचे दोन ग्लास कधी अंगवळणी पडले ते कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले की अल्कोहोलचे पूर्णपणे सुरक्षित असे प्रमाण नाही. चव घेऊन थुंकणे हा या व्यवसायात शिष्टाचारच मानला जातो. स्वतः वाइन बनवणारे दिवसभर तेच करतात, त्यामुळे थुंकीपात्र मागायला मुळीच संकोच करू नये. फ्रान्समध्ये वाहनचालकाच्या रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि नवशिक्या चालकांसाठी ती 0.2 आहे, म्हणून गाडी कोण चालवणार हे घरातून निघतानाच ठरवावे. जे मुळीच पीत नाहीत, त्यांनाही इथे छान राहता येते. माती, वाण आणि हवामान यांवर मनापासून प्रश्न विचारणाऱ्याला बागायतदार फार जीव लावतात.

या प्रदेशाची श्रीमंती सर्वत्र सारखी नसते, हेही ध्यानात घ्यावे. फ्रान्समधल्या बोर्डोमध्ये मागणी घटल्यामुळे 2023 पासून अनुदान देऊन हजारो हेक्टर वेली उपटण्याचे काम हाती घेतले गेले. तिथे एखादी बाग सोडून दिलेली दिसली तर ते शेजारच्या बागांसाठी रोगाचे आगर ठरते, आणि गावात त्यावरून कटुता असते. कोरड्या प्रदेशात वणव्याची तयारी हवी : कागदपत्रांची पिशवी, बाहेर पडण्याचे दोन रस्ते, विम्याची अट न अट वाचलेली. नापा आणि शेजारच्या सोनोमात ऑक्टोबर 2017 मध्ये लागलेल्या आगी एका रात्रीत वस्त्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. जिथे ज्वाळा पोहोचत नाहीत तिथेही धुरातली संयुगे मण्यांतल्या साखरेशी जोडली जातात आणि वाइनला राखेची चव येते, त्यामुळे दूरच्या आगीनेही गावाचे वर्ष जाऊ शकते.

पाने गळून गेल्यावर पर्यटक परततात, रस्ते रिकामे होतात आणि बागायतदाराला बोलायला वेळ मिळतो. ओळखी करून घेण्याचा खरा हंगाम हाच आहे. छाटणी चालू असेल तिथे बांधावर थांबून जवळून पाहण्याची परवानगी मागावी. अनुभवी माणूस क्षणभर काडी न्याहाळतो, दोन डोळे राखतो आणि कात्री चालवतो, आणि पुढच्या सप्टेंबरात त्या वेलीवर किती घड असतील हे पुष्कळसे तिथेच ठरते. तो सांगेल ते वहीत लिहून ठेवावे, आणि छाटलेल्या काड्या तो जाळणार किंवा बारीक करून मातीत मिसळणार नसेल, तर चुलीसाठी एक भारा मागून घ्यावा.