सोसायटीच्या दारात रॅम्प बांधताय? आधी उंची मोजा, जागा नंतर बघा

आमच्या कोथरूडमध्ये आणि एकूणच पुण्यात आता बऱ्याच सोसायट्यांच्या दारात रॅम्प दिसतो, चांगली गोष्ट आहे, पण त्यातल्या कितीतरी रॅम्पवरून फक्त स्कूटर चढते. व्हीलचेअर नाही. गेली बारा-तेरा वर्षं मी ओळखीतल्या सोसायट्यांना, दवाखान्यांना, क्लासेसना हे काम करून घ्यायला मदत करतेय आणि दर वेळी तोच सल्ला ऐकायला मिळतो, "जागा आहे तेवढ्यात बसवून टाका हो." हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. रॅम्प किती लांब हवा ते पायऱ्यांची उंची ठरवते, तुमच्याकडे मोकळी जागा किती आहे त्यावरून ते ठरत नाही.

कमिटीची मंजुरी, कोटेशन, मिस्त्री शोधणं हे सगळं तुम्ही करालच. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत, बांधायचं असेल तर आर्किटेक्टला विचारा आणि अग्निशमनच्या गाडीची वाट अडवू नका. मीटिंगमध्ये कोणी "कायद्यात कुठे लिहिलंय" म्हणालं तर २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा दाखवा. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी इमारत नाही, लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही त्यात येते, म्हणजे तळमजल्यावर दवाखाना किंवा बँक असेल तर तुम्हाला हात वर करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता यावी यासाठीचे, किमान नियम बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

आता उंची. टेप लावून पायऱ्या मोजू नका, कारण पार्किंगच्या फरशीला पाण्यासाठी उतार असतो आणि पायरीपाशी १८ इंच भरलेली उंची रॅम्प जिथे संपणार तिथे २० इंच निघते. मिस्त्रीकडे पाण्याची लेव्हल पाइप असते, तिनेच घ्या. आणि वरची खूण लिफ्टसमोरच्या फरशीची धरा, दाराबाहेरच्या शेवटच्या पायरीची नको. कितीतरी इमारतींत दारातून आत गेल्यावर आणखी एक पायरी असते आणि ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

उतार आणि लँडिंग (इथेच सगळं बिघडतं)

हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट लांबी. यालाच एकास बारा म्हणतात. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फूट उताराची लांबी, लँडिंग (थांबायला-वळायला सपाट जागा) वेगळं. आणि हे चालू शकेल असं सगळ्यात उभं माप आहे, चांगलं माप नाही. स्वतःच्या हाताने चाक फिरवत जाणाऱ्या माणसाला एकास पंधरा द्या, म्हणजे साडेबावीस फूट. जागा असेल तर एकास वीस.

२०१२ मध्ये माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि आम्ही घाईघाईने आमच्या बिल्डिंगला रॅम्प करून घेतला. १८ इंच उंची आणि लांबी फक्त सात फूट. मी मिस्त्रींना विचारलं होतं की हे जरा उभं वाटतंय का, तर ते म्हणाले, "ताई, ॲक्टिव्हा चढते ना, मग खुर्ची काय, आरामात चढेल." मला पटलं. तिसऱ्याच दिवशी आईला सांभाळणाऱ्या मावशी तिला खाली घेऊन येत होत्या, खुर्ची त्यांच्या हातात थांबेना, खाली ड्रेनेजची जाळी होती तिच्यात पुढचं छोटं चाक अडकलं आणि आई तोंडावर पडली. कपाळाला तीन टाके. त्या मावशी दोन दिवस रडत होत्या की माझ्या हातून झालं, पण चूक त्यांची नव्हतीच, ती माझी आणि मिस्त्रींची होती. तो रॅम्प फोडून नवा बांधला तेव्हा मी हे सगळं पहिल्यांदा नीट शिकले.

ॲक्टिव्हाला इंजिन असतं आणि ब्रेक असतात. व्हीलचेअरला एक तर बसलेल्या माणसाचे खांदे असतात, नाहीतर ढकलणाऱ्या बाईचं मनगट. हे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा.

१८ फूट सरळ जागा आपल्याकडे नसतेच, मग रॅम्प वळवायचा. नऊ फुटांचे दोन भाग, मध्ये वळायला लँडिंग, आणि वर-खालीही मोकळी सपाट जागा. रुंदी आतून किमान चार फूट. सगळं मिळून साधारण १९ फूट बाय ९ फूट लागतं, म्हणजे एका कारच्या पार्किंगहून थोडं जास्त. भांडण इथेच सुरू होतं, कोणाचं पार्किंग जाणार. माझं मत ठाम आहे, व्हिजिटर पार्किंगची एक जागा द्या आणि विषय संपवा. उतार उभा करून पार्किंग वाचवायचं असेल तर रॅम्प बांधूच नका, तो नसला तर निदान चार जण खुर्ची उचलून तरी नेतात, खोटा रॅम्प असला की कोणी उचलायलाही येत नाही.

लँडिंग पाच फूट बाय पाच फूट, आणि सपाट म्हणजे सपाट. "पाच कशाला, तीन पुरे झाले" असं प्रत्येक मिस्त्री म्हणतो, तीन फुटांत खुर्ची वळत नाही हे त्याने कधी बघितलेलं नसतं. दुसरी खोड म्हणजे वळणावरही थोडा उतार काढून घेतात, तेवढाच खालचा भाग कमी करता येतो म्हणून. मग बाईमाणूस दम खायला थांबते आणि खुर्ची मागे सरकायला लागते. वरच्या लँडिंगवर दार बाहेर उघडत असेल तर आणखी काळजी घ्या, एका हाताने दार ओढायचं आणि दुसऱ्या हाताने उतारावर खुर्ची धरायची हे कोणालाच जमत नाही, दार उघडल्यावरही खुर्चीला मागे उभं राहायला पूर्ण जागा उरली पाहिजे.

म्हणून मी एक करते, सिमेंटची एकही गोणी यायच्या आधी पार्किंगमध्ये चुन्याने पूर्ण रॅम्प खऱ्या मापाने आखते आणि व्हीलचेअर आणून त्या रेषांमध्ये फिरवून बघते. एका सोसायटीत चेअरमन काकांनाच खुर्चीत बसवलं होतं, वळणावर त्यांचे पाय चुन्याच्या रेषेबाहेर गेले, आणि तीन मीटिंगमध्ये न पटलेलं लँडिंग तिथल्या तिथे पटलं. चुना पाण्याने धुवून जातो, काँक्रीट जात नाही.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर मागच्या बाजूने वाट निघते का बघा, नाहीतर छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे माणसाला खुर्चीसकट वर नेणारा पाट, बसवा.

बांधकाम

पावसाळ्यात काम काढू नका. दिवाळीनंतर करा, पाणी किमान सात दिवस मारा. उतार तपासायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं, पावणेपाच अंशाच्या वर आकडा गेला की थांबवा, काँक्रीट ओलं असतानाच सांगा. पाणी जावं म्हणून मिस्त्री आडवा उतारही देतात, तो अगदी नाममात्र हवा, नाहीतर खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते. ग्रॅनाइट पॉलिशचा चुकूनही लावू नका, जूनच्या पहिल्या पावसात तिथे धडधाकट माणूसही घसरतो. साधं काँक्रीट आणि त्यावर ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा, याच्याइतकं चांगलं आणि स्वस्त काही नाही. मोकळ्या कडेला चार इंचांचा कठडा, म्हणजे चाक किंवा काठी बाहेर जात नाही.

रेलिंग दोन्ही बाजूंना, कारण अर्धांगवायूच्या माणसाचा एकच हात चालतो आणि जाताना एक बाजू असते तर येताना दुसरी. दोन उंचींवर पाइप, साधारण ३० आणि ३६ इंचांवर, दोन्ही टोकांना उताराच्या पुढे एक फूट वाढवलेले. भिंत आणि पाइप यांच्यात दोन इंच जागा ठेवा, बोटं मावली पाहिजेत.

रॅम्पच्या सुरुवातीला आणि शेवटी ठिपक्यांच्या पिवळ्या टाइल्सची एक ओळ, दृष्टिहीन माणसाला पायाखाली कळतं की पुढे उतार आहे. ठिपके म्हणजे थांबा, लांब रेघा म्हणजे या दिशेने चला. फुटपाथवर हीच पिवळी पट्टी डीपीच्या बॉक्सवर नाहीतर झाडावर जाऊन आदळलेली आपण सगळ्यांनी बघितलीय, तसं करू नका.

खालच्या टोकाला फरशी आणि रॅम्प यांच्यात अर्धा इंचसुद्धा ओठ राहू देऊ नका. जाळी हलवता येत नसेल तर तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि बारीक ठेवा. वर दाराचा मार्बलचा उंबरा काढून टाका, घरातली मोठी माणसं उंबऱ्यावरून कुरकुरतात, त्यांना समजावा, इमारतीच्या दाराला उंबरा लागत नाही. दाराची मोकळी रुंदी तीन फूट.

रॅम्पच्या तोंडाशी गाड्या लागू नयेत म्हणून खांब ठोकायचा विचार कोणीतरी मांडेलच. नको. स्कूटर अडेल असे खांब लावले की खुर्चीही अडते. जमिनीवर मोठ्या अक्षरात रंगवा आणि वॉचमनला गाडी काढायला लावायचा अधिकार लेखी द्या.

आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता अडवून ठेवा. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्या कोणाला तरी बोलवा, रॅम्पवर दोन बादल्या पाणी ओता आणि त्यांना एकट्याने वर-खाली जाऊ द्या, मागून हात लावायचा नाही, फक्त बाजूला उभं राहायचं. मधल्या लँडिंगवर त्यांनी दोन्ही हात चाकावरून काढले आणि खुर्ची जागची हलली नाही तर चेक द्या.