कलमांच्या बागेवरून विजेच्या तारा जातात त्यांच्यासाठी: वणव्याआधीची तयारी

सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं गवत डिसेंबरात पिवळं पडायला लागतं. तयारी तेव्हाच धरा. पुढे फवारणी आणि काढणीच्या गडबडीत ती होत नाही.

आधी वर बघत बागेतून एक फेरी मारा. तारांना झोळ आला असेल तर दुपारच्या वाऱ्यात त्या एकमेकींवर आपटतात, ठिणग्या उडतात आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब गवतावर पडतात. रानातून जाणारी 11 केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे साधारण 15 फूट उंच हवी. अंदाज नजरेनेच घ्या, फळं काढायच्या झेल्याची काठी वर नेऊ नका. कललेला खांब, फुटका इन्सुलेटर, तारेला टेकलेली फांदी, सगळ्याचे फोटो काढा, खांबाचा नंबर टिपा आणि वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकेका वायरमनकडे कितीतरी वाड्या असतात, तोंडी सांगितलेलं राहूनच जातं. अर्जात तारा ओढून घ्या, मध्ये खांब द्या, घरगुती लाइनच्या तारांत अंतर राखणारे स्पेसर बसवा, असं स्पष्ट लिहा. फांदी तोडायची ती लाइन बंद करून, वायरमन समोर असतानाच.

तारा नीट करणं आपल्या हातात नाही, खालचं गवत मात्र आहे. माझा सगळा भर बेणणीवर, म्हणजे गवत साफ करण्यावर आहे. तारांखाली आणि दोन्ही अंगांना गवत, पातेरा काढून पट्टा मोकळा करा. कापलेलं तिथेच सोडू नका, तिथे पेटवू तर मुळीच नका. उचलून लांब न्या. गवताची उडवीही तारांपासून दूर रचा. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खाली तर कातळ दिसेपर्यंत साफ करा, कारण डीओ (तिथला फ्यूज) उडाला की तापलेले तुकडे तिथेच पडतात. पावसाच्या एखाद्या सरीनंतर पुन्हा कोंब येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर आणखी एक हात फिरवा. पंपाच्या फ्यूजमध्ये जाड तार घातली असेल तर आजच काढा.

मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) दारावर वीज तक्रारीचा 1912 आणि उपकेंद्राचा नंबर ठळक लिहून ठेवा, पाण्याचं पिंप भरलेलं असू द्या. आग तारांखाली असेल तर लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका. सुक्या कातळावर पडलेली तार कधीकधी लाइन ट्रिप (आपोआप बंद) न होता जिवंत राहते. निदान 10 मीटर लांब थांबा, गुरं आणि पोरं हटवा.

दुर्दैवाने बाग पेटलीच, तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सातबारा, कलमांची मोजणी, आधीचे फोटो आणि अर्जाची पोच एकाच पिशवीत ठेवा. पंचनामा होईपर्यंत तुटलेली तार कोणाला नेऊ देऊ नका.