अमेरिकन क्रांतीवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘1776 मध्ये अमेरिका स्वतंत्र झाली, जेफरसनने राज्यघटना लिहिली आणि वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.’ स्पर्धा परीक्षेच्या सराव पेपरांत हे वाक्य थोड्याफार फरकाने हमखास सापडतं. नावं ओळखीची, साल तोंडपाठ, तरी गुण जातात. कारण तेरा वर्षांचा इतिहास यात एका दमात उरकलेला असतो. 1776, 1781, 1787 आणि 1789 हे चार टप्पे वेगळे ठेवले, तर खालच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

जेफरसनने लिहिला तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यासाठी काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, पाच जणांची समिती नेमली होती: जेफरसन, जॉन ॲडम्स, बेंजामिन फ्रँकलिन, रॉजर शर्मन आणि रॉबर्ट लिव्हिंगस्टन. मसुदा जेफरसनच्या हातचा, पण सभागृहात त्याला अशी कात्री लागली की सुमारे पाव भाग गळाला. गुलामांच्या व्यापाराचं खापर इंग्लंडच्या राजावर फोडणारा परिच्छेदही त्यातच गेला. ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्याच्या पदरी स्वतःचे गुलाम होते, हे सगळेच लिहितात. गाळलेल्या परिच्छेदाचा उल्लेख फार थोडे करतात. तो करा.

तारखेचंही तसंच. स्वातंत्र्याचा ठराव 2 जुलैला मंजूर झाला, 4 जुलैला जाहीरनाम्याच्या मजकुरावर शिक्कामोर्तब झालं आणि बहुतेक सह्या 2 ऑगस्टला झाल्या. 4 जुलैला सगळे ओळीने सही करताहेत, हे दृश्य डोक्यातून काढून टाका.

आता जी चूक सर्वांत महागात पडते ती. 1776 वरून थेट राज्यघटनेवर उडी मारली की राज्यघटना मुळात का लागली, हेच उत्तरातून निसटतं. 1781 पासून देश ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या तेरा राज्यांमधल्या करारावर चालत होता. त्यात काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही, आणि एखादी दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार हवा. त्यात 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी गांजलेले शेतकरी उठले. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कॅप्टन होता. शेतजमिनींच्या जप्त्या थांबाव्यात म्हणून या लोकांनी न्यायालयांचं कामच बंद पाडलं. हे बंड मोडायला केंद्राकडे ना पैसा होता ना फौज. राज्यघटना तयार करणारी फिलाडेल्फियाची परिषद या धास्तीच्या पार्श्वभूमीवर भरली.

त्या 1787 च्या उन्हाळ्यात जेफरसन पॅरिसला आणि ॲडम्स लंडनला राजदूत होता, म्हणून दोघांनाही ‘घटनाकार’ म्हणू नका. आराखड्यामागचं मुख्य डोकं जेम्स मॅडिसनचं. ‘तेराही राज्यांनी सह्या केल्या’ हेही चूक: ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवले नाहीत. आलेल्या 55 जणांपैकी 39 जणांनी सही केली. व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून अडून बसला आणि सही न करताच परतला. ती सनद पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने 1791 मध्ये आली. तोवर वॉशिंग्टनला 1789 मध्ये न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन अडीच वर्षं उलटली होती.

चहाच्या बाबतीत तर बहुतेकांचं गणित उलटं असतं. ‘इंग्रजांनी चहा महाग केला म्हणून बोस्टनमध्ये तो समुद्रात फेकला’ असं लिहिलं जातं. 1773 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला अमेरिकेत थेट विक्रीची सवलत मिळाली आणि चहा स्वस्तच होणार होता. मात्र पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच राहिला. स्वस्त चहा घेणं म्हणजे पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मान्य करणं, ही खरी मेख होती. शिवाय कंपनीच्या मक्तेदारीने स्थानिक व्यापाऱ्यांचं पोट दुखत होतं ते वेगळंच. 16 डिसेंबरच्या रात्री 342 पेट्या पाण्यात गेल्या. आणि हो, तो चहा चीनचा. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षं होती.

थॉमस पेनचं नाव आपल्याकडे महात्मा फुल्यांमुळे परिचयाचं, पण इथेही गल्लत होते. फुल्यांनी वाचलेलं ‘राइट्स ऑफ मॅन’ फ्रेंच क्रांतीच्या समर्थनार्थ 1791-92 मध्ये लिहिलेलं. अमेरिकेत जानेवारी 1776 मध्ये रान पेटवलं ते ‘कॉमन सेन्स’ने.

यॉर्कटाउनला 1781 मध्ये शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस म्हणजे बंगालमधल्या कायमधारा पद्धतीवालाच का, असं अनेक जण विचारतात. तोच. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या जोडीला हरिपंत फडके यांची मराठा फौज होती. पण यॉर्कटाउनने युद्ध कागदोपत्री संपलं नाही; ते संपलं 1783 च्या पॅरिस तहाने.

न्यायालयीन पुनर्विलोकन मूळ घटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे, असंही गृहीत धरू नका. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या निकालातून प्रस्थापित केला: मार्बरी विरुद्ध मॅडिसन, 1803, सरन्यायाधीश जॉन मार्शल. खटल्यातला मॅडिसन म्हणजे वर आलेला जेम्स मॅडिसनच, तेव्हा जेफरसनचा परराष्ट्रमंत्री.