नैनीतालचा एक दिवस तळ्याभोवती चालत कसा घालवावा

नैनीतालला पाऊल ठेवताच टॅक्सीवाले पॉइंटांची यादी पुढे करतात आणि महाबळेश्वर-माथेरानची सवय असलेला मराठी पर्यटक ती सहज मान्य करतो. हाताशी एकच दिवस असेल तर या यादीला नम्रपणे नकार द्यावा. हे गाव तळ्याच्या काठाकाठाने वसलेले आहे, तळ्याचा पूर्ण फेरा सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे आणि पाहण्याजोगे बहुतेक सारे या फेऱ्यावर किंवा त्याच्या आसपास आहे. गाडीत बसले, तर दिवसाचा मोठा भाग वाहनांच्या रांगेत जातो.

दिल्लीहून रात्री सुटणारी राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला पोहोचते. तेथून सुमारे 35 किलोमीटरचा घाट शेअर टॅक्सीने किंवा बसने दीड तासात चढता येतो. स्वतःची गाडी नेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण हंगामातल्या शनिवार-रविवारी पोलीस बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवरच थांबवतात आणि पुढे शटलनेच जावे लागते. बस तल्लीतालला, म्हणजे तळ्याच्या खालच्या टोकाला सोडते. वरचे टोक मल्लीताल. या दोहोंना एका काठाने मॉल रोड जोडतो आणि समोरच्या काठाने ठंडी सडक. एवढा नकाशा डोक्यात पक्का असला की दिवसभर वाट विचारावी लागत नाही. तळे समुद्रसपाटीपासून सुमारे 1,940 मीटर उंचीवर असल्यामुळे मे महिन्यातही सकाळी अंगावर स्वेटर हवा.

सामान कुठे तरी ठेवून प्रथम मॉल रोडने मल्लीतालला जावे आणि रोपवेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच स्नो व्ह्यू गाठावा. हे काम दुपारवर ढकलू नये, कारण दिवस चढतो तसा धुरकटपणा आणि ढग वाढतात व समोरची हिमशिखरे दिसेनाशी होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या स्वच्छ सकाळी येथून 7,816 मीटर उंचीची नंदादेवी आणि तिच्या शेजारचे त्रिशूळ स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात मात्र रोपवेचे तिकीट काढण्यापूर्वी आकाशाकडे एकदा पाहून घ्यावे. वर दुर्बिणी, खेळणी आणि फोटोवाले यांचीच गर्दी असल्याने शिखरे पाहून लगेच उतरणे उत्तम.

खाली आल्यावर फ्लॅट्स नावाचे मैदान आणि त्याला लागून असलेले नैनादेवीचे मंदिर यांसाठी निवांत वेळ ठेवावा. सतीचे नेत्र या ठिकाणी पडले, अशी श्रद्धा आहे आणि तळ्याचे नावही त्यावरूनच पडल्याचे सांगतात. आजचे मंदिर मात्र पुनर्बांधणीनंतरचे आहे. सप्टेंबर 1880 मध्ये संततधार पावसानंतर 18 तारखेला शेर-का-डांडा डोंगराची कड सुटली. त्या दरडीने जुने मंदिर आणि व्हिक्टोरिया हॉटेल उद्ध्वस्त केले, 151 माणसांचा बळी घेतला आणि तळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एवढा भराव टाकला, की ज्या मैदानावर आज मुले क्रिकेट खेळतात ते विस्तीर्ण फ्लॅट्स त्यातून तयार झाले. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरउतारांवर पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचे जाळे बांधले. मॉल रोडने चालताना डोंगराकडून उतरत रस्त्याखालून तळ्याकडे जाणारे दगडी नाले दिसतात, ते याच व्यवस्थेचा भाग आहेत. गावाची सुरक्षितता आजही बऱ्याच अंशी ते तुंबू न देण्यावर अवलंबून आहे.

नौकाविहारासाठी पायडलची बोट घेण्यापेक्षा नावाड्यासह वल्ह्याची नाव घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पायडल मारण्यात पाहणे राहून जाते. दर ठरलेले असतात, त्यामुळे घासाघीस करण्याऐवजी दरफलक पाहावा आणि लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसावे. तळ्यात काही ठिकाणी पाण्यावर बारीक बुडबुड्यांचे वर्तुळ उठताना दिसते. प्राणवायू घटून तळे मरणपंथाला लागले होते, म्हणून 2007 पासून तळाशी हवा सोडली जाते, तिचे ते बुडबुडे. गावाला पिण्याचे पाणीही याच तळ्यातून मिळते, हे लक्षात ठेवून वेफर्सचे रिकामे पाकीट खिशातच ठेवावे.

जेवणासाठी मॉल रोडवरच्या पंजाबी थाळीऐवजी कुमाऊंनी जेवण मिळणारे ठिकाण विचारून शोधावे. गहत की दाल म्हणजे आपले कुळीथच, आणि मंडुव्याची रोटी ही नाचणीची भाकरी, त्यामुळे कोकणातल्या माणसाला ते ताट परके वाटणार नाही. सोबत भांगेच्या बियांची चटणी आणि आलू के गुटके असावेत. भांगेच्या बियांनी नशा चढत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. गोडासाठी बाल मिठाई घ्यावी. खवा चॉकलेटी होईपर्यंत परतून त्याच्या वड्यांना साखरेचे पांढरे दाणे लावलेले असतात आणि हा पदार्थ प्रवासात चांगला टिकतो. मोमो खायचे असल्यास फ्लॅट्सजवळचा तिबेटी बाजार आहेच.

प्राणिसंग्रहालय चढावर आहे आणि सोमवारी बंद असते. लहान मुले सोबत नसतील तर ते वगळावे. टिफिन टॉपवरचा डोरोथी सीट हा प्रसिद्ध कट्टा ऑगस्ट 2024 मध्ये दरडीसह कोसळला, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून त्या चढणीला लागू नये.

दुपारनंतर परतताना मॉल रोड टाळून ठंडी सडकेने तल्लीतालला यावे. पाठीशी आयारपाटा डोंगर आणि डोक्यावर झाडी असल्याने येथे ऊन फारसे पोहोचत नाही, वाहनांचा त्रास नाही आणि वाटेत पाण्यालगत पाषाणदेवीचे छोटे मंदिर लागते. पावसाळ्यात या बाजूला दरडी येतात, त्यामुळे वाट खुली असल्याची खात्री मल्लीतालमध्येच करून घ्यावी. रात्रीची गाडी काठगोदामहून पकडायची असेल तर ती सुटण्यापूर्वी किमान तीन तास आधी तल्लीतालच्या स्टँडवर हजर राहावे, कारण हंगामात संध्याकाळी घाटात वाहने तुंबतात आणि शेअर टॅक्सीही सगळ्या जागा भरल्याशिवाय हलत नाही.