गिरणगाव पायी कसं वाचायचं

गिरणगाव म्हणजे मुंबईतला परळ-लोअर परळचा जुना कापडगिरण्यांचा भाग. तो बघायला रविवारी जा आणि सकाळी सातलाच निघा. त्या वेळी सेनापती बापट मार्गावर गाड्या कमी असतात, भिंतीपाशी निवांत थांबता येतं. शिवाय रविवारची सुट्टी ही इथल्या गिरणी कामगारांचीच कमाई आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली.

मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले. बाबा गिरणीत साचेवाले (साचा म्हणजे गिरणीतलं यंत्र), आई घरात खानावळ चालवायची. पुढे मी महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी आठवीच्या मुलांना घेऊन हा फेरा मारला. आता चाळी पडतायत, माणसं जातायत, म्हणून कसं बघायचं ते लिहून ठेवते. हाती वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली पुरे. जमलं तर १९०९-१० साली निघालेल्या मुंबई शहर गॅझेटिअरचे तीन खंड आधी चाळा.

सुरुवात लोअर परळला करू नका. बहुतेक जण स्टेशनवरून उतरून थेट मॉलकडे जातात आणि वरचा थर बघून परततात. तुम्ही पूर्वेकडून, परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून सुरू करा. तिथे हाफकिन संस्थेची जुनी वास्तू आहे. फाटकाबाहेरून दिसेल तेवढं बघा. आधी ती जेझुइट पाद्र्यांची होती, मग इंग्रज गव्हर्नरचं निवासस्थान झालं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या वास्तूत आली. प्रार्थना, सत्ता आणि रोगाशी लढाई, तिन्ही एकाच आवारात. त्याहून खूप जुना थर जवळच बारादेवीच्या देवळात आहे: १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना सापडलेलं शिवाचं भव्य शिल्प, पाचव्या-सहाव्या शतकातलं. एकाच दगडात शिवाच्या सात आकृती, एकीतून दुसरी उगवल्यासारख्या. मुलं इथे आपोआप गप्प व्हायची. या भागाचा इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून सुरू होतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी आधी इथे आणते.

मग रेल्वे ओलांडून पश्चिमेला या आणि उताराकडे लक्ष ठेवा. परळ हे मूळचं बेट. परळ आणि वरळी यांच्यामधली सखल जमीन भरतीच्या पाण्याखाली जायची. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खाडीवर बांध घातला गेला, १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला, आणि आतली खाजण हळूहळू भरून वापरात आली. पुढे गिरण्यांना लागणारी मोठी, सपाट जागा या पट्ट्यात मिळाली. हा थर वाचायची युक्ती अगदी सोपी आहे: जुलैत भरतीच्या वेळेला जोराचा पाऊस आला की कुठे गुडघाभर पाणी तुंबतं ते बघा. समुद्र आपली जुनी जागा दाखवतो. लोअर परळ म्हणजे खालचं परळ, नावातच सगळं आहे.

नावांचा उल्लेख निघालाच आहे तर इथे जरा थांबते, कारण माझ्या मते हा फेरा खरा नावांचा आहे. प्रत्येक चौकात दोन प्रश्न विचारा: पाटीवर काय लिहिलंय आणि म्हातारी माणसं काय म्हणतात? पाटीवर सेनापती बापट मार्ग आहे, तोंडात तुळशी पाईप रोड. तुळशी तलाव १८७९ साली झाला, त्याच्या पाण्याची मोठी नळवाहिनी या रस्त्याने शहरात यायची. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोड. प्रभादेवी स्टेशनला एल्फिन्स्टन म्हणणारे अजून भरपूर भेटतील, ते नाव २०१८ मध्ये बदललं. दोन्ही नावं वहीत लिहा. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांच्या वस्तीत शिक्षणाचं काम केलं, त्यामुळे ते नाव मनापासून घ्यावं असंच आहे. पण आईला टांगेवाला, दूधवाला, पोस्टमन ज्या नावाने ओळखायचे ते डिलाईल रोड. तेही खरं आहे.

आता गिरणी ओळखायची कशी? काचेच्या इमारतींमध्ये काळ्या दगडाची कुंपणभिंत दिसली की थांबा. भिंतीवरून डोकावून छप्पर करवतीच्या दात्यांसारखं दिसलं तर ते कताई-विणाईचं खातं. त्या दात्यांची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे असते. उन्हाची तिरीप थेट साच्यावर पडत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा डोळ्याला दिसतो. मुंबईची दमट हवाही कामाची, कोरड्या हवेत सूत लवकर तुटतं. पहिली गिरणी इथे नव्हती बरं का: कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झालं. तिथून गिरण्या उत्तरेकडे पसरत गेल्या. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, पण तिचं धुराडं ठेवलंय. त्याच्या पायथ्याशी उभं राहा आणि मान पूर्ण मागे टाकून वर बघा.

छपरांपेक्षा माणसं सावकाश वाचायची असतात. सकाळी चहाच्या टपरीवर सत्तरीपुढचे आजोबा बसलेले असतात. त्यांना जाऊन “संपाबद्दल सांगा” असं विचारू नका, बहुतेकदा गप्प होतात. “आजोबा, तुम्ही कोणत्या खात्यात होता?” असं विचारा. चेहरा बदलतो. त्रासन, साचा, वाइंडिंग, ब्लो रूम अशी खात्यांची नावं, मग पाळी कोणती, जॉबर म्हणजे मुकादम कोण, गावची खोली कुठे, सगळं निघतं. आजींना वाइंडिंगचं, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्याचं विचारा, त्या खात्यात बायका पुष्कळ असत. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने असाच प्रश्न विचारला. आजोबांनी तिच्या ओढणीच्या काठाचा सुटलेला दोरा हळूच तोडला, त्याचे दोन तुकडे केले, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरले आणि पापणी लवायच्या आत गाठ मारून दिली. इतकी बारीक की नखाने चाचपडून सापडेना. “साचा थांबला की पगार थांबला,” एवढंच म्हणाले. असं काही हाती आलं तर तारीख घालून वहीत चिकटवा.

संपाचा थर त्यांनी स्वतःहून उघडला तरच ऐका. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा आठ महिन्यांनी गावी गेले. परत आले ते रखवालदार म्हणून. आमच्या खानावळीत ताटं वीसवरून चारवर आली, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आज उभ्या दिसणाऱ्या मनोऱ्यांमागे एक नियम आहे, तो समजून घेतल्याशिवाय ही जागा कळत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि पहिले दोन वाटे फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीतून द्यायचे असं ठरलं. बहुतेक गिरण्यांची जमीन बांधकामांनी व्यापलेली होती, त्यामुळे ते वाटे फारच आखडले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मनोऱ्याशेजारी छोटीशी बाग दिसली की मुलांना मी तिची लांबी पावलांनी मोजायला लावायची, मग मनोऱ्याचा परीघ. आकडे शेजारीशेजारी लिहायचे. मला या बदलाचं अजून दुःख होतं, आणि ते मुलांपासून मी कधी लपवलं नाही.

शेवट लोअर परळ स्टेशनचा पूल उतरून डिलाईल रोडला करा. बीडीडी चाळी प्लेगनंतर सुरू झालेल्या वस्तीसुधारणेच्या पुढच्या टप्प्यात, १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे मिळून २०७ इमारती, एक खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात त्या एकेक करून पाडल्या जातायत. ज्या उभ्या सापडतील त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या बघा, मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात. तीन पाळ्यांची पावलं. कुणी रहिवासी दारात असेल तर नमस्कार करून विचारा, “इथून गिरणीचा भोंगा कुठला ऐकू यायचा?” उत्तर आलं की हाताने दाखवलेली दिशा नकाशावर बाणाने नोंदवा, सांगणाऱ्याचं गाव आणि खातं बाजूला लिहा. मग घरी जा, जेवा, आणि त्याच संध्याकाळी वही स्वच्छ उतरवून काढा. दुसऱ्या दिवसापर्यंत ऐकलेलं अर्धं विसरतं.