८४ टेस्ट लाल, बिघाड तीनच: फेल्युअरचे गट पाडताना या चुका टाळा

आमची छत्रपती संभाजीनगरमधली छोटी टीम अडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करते: आवक, वजन, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी. ते नीट चालतं का, हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट रोज रात्री चालतात. एका सोमवारी रात्रीच्या रनमध्ये ८४ टेस्ट फेल झाल्या. मागे बिघाड होते तीन. ते कळेपर्यंत तिघांनी एकाच बिघाडाची वेगवेगळी तिकिटं (दुरुस्तीच्या नोंदी) काढली होती आणि अर्धा दिवस गेला होता.

पैठणहून येणारी जायकवाडीची मुख्य जलवाहिनी फुटली की गल्लोगल्लीचे नळ कोरडे पडतात. तक्रारी शेकडो, भगदाड एक. पण त्याच दिवशी एखाद्या घरचा व्हॉल्व्ह अडकलेला असला, तर त्याची तक्रारही त्याच ढिगात जाते आणि पाणी आल्यावरही तो नळ कोरडाच राहतो. कारणानुसार टेस्टचे गट पाडतानाही असंच दोन्हीकडून चुकता येतं: एकच बिघाड अनेक गटांत विखुरतो, किंवा वेगळे बिघाड एकाच गटात जातात.

एरर मेसेज जसाच्या तसा ताडून पाहणे

मेसेजमध्ये वेळ, सेशन आयडी, पावती क्रमांक असतो आणि तो दर रनला बदलतो. म्हणून एकच बिघाड दहा गटांत विखुरतो. हे बदलते तुकडे आधी ठरावीक खुणेने बदलून घ्या आणि मग तुलना करा. मात्र सरसकट सगळे आकडे पुसू नका. ४०१ आणि ५०० हे सर्व्हरच्या उत्तराचे स्टेटस कोड पुसले, तर लॉगिन नाकारलं गेलं की सर्व्हरमध्येच बिघाड झाला, हा फरकच उरत नाही. रकमांचंही तसंच. ‘अपेक्षित १२५०, मिळाले १२४०’ यातले आकडे गेले की हमालीची चूक आणि पैसे पूर्णांकात आणण्याची चूक एकाच गटात बसतात. कोणता आकडा ओळखीपुरता आहे आणि कोणता अर्थ सांगतो, हे माणसानेच ठरवावं लागतं.

मराठी मजकूर इंग्रजीसारखाच वागेल असं धरणे

इथे आम्ही सर्वांत जास्त अडखळलो. पावती क्रमांक ‘४५१२’ असा देवनागरीत छापला जातो. आकडे ओळखायचा नेहमीचा रेग्युलर एक्सप्रेशन (मजकूर शोधायचा नमुना) पायथन ३ मध्ये देवनागरी अंक पकडतो. जावास्क्रिप्टमध्ये पकडत नाही आणि जावातही वेगळी सूचना दिल्याशिवाय नाही. त्यामुळे आमचे क्रमांक पुसलेच जात नव्हते.

दुसरी गोष्ट ‘शेतकऱ्याचे नाव रिकामे आहे’ या मेसेजची. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाईप होतो: थेट ऱ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, गट मात्र दोन पडतात. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करायची रीत) चालवूनही ते एक होत नाहीत. जॉइनर नुसता काढून टाकला तर ‘र्या’ होतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत केवढा फरक आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको. म्हणून जॉइनरवाला प्रकार थेट ऱ मध्ये बदलायचा नियम स्वतः लिहा.

स्टॅक ट्रेसची सर्वांत वरची ओळ धरणे

स्टॅक ट्रेस म्हणजे चूक झाली तेव्हा कोणकोणती फंक्शन चालू होती त्याची यादी. जावा, जावास्क्रिप्टमध्ये तिच्या वरच्या ओळी बहुतेक वेळा सेलेनियमसारख्या (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या) लायब्ररीच्या असतात. त्यांवर गट पाडला तर निम्मा प्रकल्प एका गटात जातो. आपल्या कोडमधली पहिली ओळ शोधा. त्यातही ओळ क्रमांक घेऊ नका, फाईल आणि फंक्शनचं नाव घ्या, कारण वर एक ओळ वाढली तरी क्रमांक सरकतो. जावामध्ये ‘कॉज्ड बाय’ची साखळी शेवटपर्यंत वाचा, मूळ कारण तिथे असतं.

त्या सोमवारी ७१ टेस्ट ‘एलिमेंट (पानावरचं बटण, रकाना वगैरे) सापडला नाही’ म्हणत होत्या आणि प्रत्येकीचा एलिमेंट वेगळा होता. स्क्रीनशॉट उघडल्यावर कळलं की सगळ्या लॉगिनच्या पानावरच अडकल्या होत्या. टेस्ट खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. फेल होताना कोणतं पान उघडं होतं, हे फेल्युअरच्या ओळखीत, म्हणजे ज्या खुणांवरून गट पाडतो त्यांत, धरलं असतं तर सकाळीच एक गट दिसला असता.

टाइमआउट म्हणजे एकच आजार समजणे

डेटाबेस, नेटवर्क, चुकीचा लोकेटर (एलिमेंट शोधायचा पत्ता), तिघेही टाइमआउटच देतात. कशाची वाट पाहत वेळ संपली, तेही ओळखीत घ्या.

डुप्लिकेट पुसून टाकणे, बंद गट कायमचा गप्प करणे

गटातल्या सगळ्या टेस्टची नावं आणि पहिल्यांदा फेल झालेला बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती) जपून ठेवा. कोणता कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) तपासायचा, ते त्यावरून कळतं. दुसऱ्या प्रयत्नात पास झालेलीही मोजा. दुरुस्त म्हणून बंद केलेला गट पुन्हा उगवला तर ‘माहीत आहे’ म्हणून दडपू नका, तिकीट आपोआप उघडू द्या.

मोठ्या गटापासूनच वाचणे

उरलेल्या १३ पैकी १२ टेस्ट एका बदललेल्या लोकेटरमुळे पडल्या होत्या. शेवटची एकटी टेस्ट आम्ही संध्याकाळी पाहिली. तिच्यात पट्टीतून तोलाई दोनदा कापली जात होती. तो बिल्ड बाहेर गेला असता तर शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे पडले असते. आता मी एकट्या टेस्टचे गट आधी उघडतो.